किती बदलले, किती टिकले?

ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल झाले आणि न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा बदलला. पुढच्या जूनमध्ये उजवा. राणावत शिकले इंदूरला. आज जगभर बसवल्या जाणाऱ्या कृत्रिम गुडघ्याचा मूळ नमुना १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल यांच्यासोबत ज्या चमूने घडवला, त्यात ते होते. गुडघा बदलता येतो ही गोष्ट मराठी घरांत बोलण्याचा विषय झाली ती बरीचशी त्या दोन शस्त्रक्रियांमुळे. तोवर म्हातारपणी गुडघे दुखायचेच, तेल चोळायचे आणि जिना टाळायचा, एवढेच माहीत होते.

आता परिस्थिती उलटी आहे. जिल्ह्याच्या गावीही सांधेरोपण होते. २०१७ मध्ये केंद्र सरकारने देशात दरवर्षी सव्वा ते दीड लाख गुडघारोपणे होत असल्याचा अंदाज दिला होता. हाडांच्या डॉक्टरांमध्ये केवळ गुडघे आणि खुबे बदलणाऱ्यांचा वेगळा वर्ग तयार झाला आहे. त्यांच्या हाताखाली हजारो माणसे पुन्हा चालू लागली, रात्री शांत झोपू लागली. खुबारोपणाला ‘लॅन्सेट’ने २००७ मध्ये शतकाची शस्त्रक्रिया म्हटले ते उगाच नाही. म्हणून या लेखातला इशारा शस्त्रक्रियेविरुद्ध नाही, शल्यविशारदांविरुद्ध तर नाहीच. शस्त्रक्रिया कोणी करावी आणि मुळात करावी की नाही, हे दोन निराळे प्रश्न आपण एकाच माणसाच्या हवाली केले आहेत. त्यातून पुढे काय झाले हे मोजण्याची सोयही आपण केलेली नाही. इशारा आहे तो या दोन्ही गोष्टींबद्दल.

या शाखेचा आरंभ मात्र मोजण्यानेच झाला. इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात रायटिंग्टन नावाचे जुने क्षयरोग रुग्णालय होते. तिथे जॉन चार्न्ली यांनी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस झिजलेल्या खुब्यात टेफ्लॉनची वाटी बसवायला सुरुवात केली. पहिले काही महिने रुग्ण खूश होते. मग टेफ्लॉन झिजू लागले, त्याच्या भुग्याभोवती शरीराची प्रतिक्रिया होऊन हाड खाल्ले जाऊ लागले, आणि सुमारे तीनशे रुग्णांच्या बाबतीत सारे मुसळ केरात गेले. चार्न्लींनी ते झाकले नाही. ते सांधे त्यांनी पुन्हा उघडले. टेफ्लॉनचा भुगा शरीरात काय करतो हे पाहण्यासाठी तो स्वतःच्या मांडीत टोचून घेतला. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी अधिक टिकाऊ पॉलिथिलीन वापरून पहिला खुबा बसवला आणि आजच्या खुबारोपणाची वाट तिथून सुरू झाली.

पण मला त्यांची थोरवी वाटते ती पुढच्या गोष्टीत. नवा सांधा यशस्वी ठरतोय असे दिसल्यावरही त्यांनी तो बाजारात मोकळा सोडला नाही. रायटिंग्टनला येऊन शिकलेल्या शल्यविशारदालाच तो विकायचा, असे त्यांनी उत्पादकाला बजावले होते. आपले रुग्ण वर्षानुवर्षे तपासले, मृत्यूनंतर सांधा तपासायला मिळावा म्हणून त्यांची संमती घेऊन ठेवली. आपण केलेल्या कामाचे दहा वर्षांनी काय झाले हे कळल्याशिवाय ते काम चांगले झाले असे म्हणायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. आज त्यांचा सांधा सगळीकडे पोहोचला आहे. तो बाणा सोबत आला आहे का?

विशेषज्ञतेच्या बाजूने भक्कम पुरावा आहे, आणि तो आधी मांडला पाहिजे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या नोंदींवरून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की वर्षाला ३५ पेक्षा कमी खुबारोपणे करणाऱ्यांच्या रुग्णांत सांधा निखळण्याचे आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण अधिक होते. यात नवल नाही. गुडघारोपणात मांडीच्या आणि नडगीच्या हाडाचे टोक ठरावीक कोनात कापायचे, दोन्ही बाजूंचे अस्थिबंध सारख्या ताणाचे राखायचे, मापाचे भाग लावून पाय वाकवून-सरळ करून पाहायचा, मग सिमेंटने पक्के बसवायचे. कोन दोन-चार अंशांनी चुकला तर रुग्णाला ते वर्षानुवर्षे भोगावे लागते. आपल्याकडे अस्थिरोगातली पदवी किंवा पदविका असलेला कोणीही डॉक्टर कायद्याने सांधेरोपण करू शकतो. त्यासाठी वेगळे, सक्तीचे प्रमाणपत्र नाही. परदेशात काही आठवडे बाजूला उभे राहून पाहिलेले आणि तिथे वर्षभर हाताने केलेले, दोघांच्याही पाटीवर ‘फेलोशिप’ हाच शब्द असतो. म्हणून महिन्याला दोन गुडघे करणाऱ्या ओळखीच्या डॉक्टरपेक्षा हेच काम रोज करणाऱ्याकडे जावे, हा सल्ला योग्यच आहे.

या सल्ल्याचा बाजाराने मात्र आकडा करून टाकला. ‘१०,००० यशस्वी सांधेरोपणे’ असे फलक रस्त्यावर दिसतात. या फलकावरचा आकडा खरा असेलही. ‘यशस्वी’ हे कोणी ठरवले? नाराज रुग्ण ज्याने शस्त्रक्रिया केली त्याच्याकडे सहसा परत जात नाही. तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, दुसऱ्या शहरात जातो, किंवा ‘माझं नशीब’ म्हणून घरी बसतो. पहिला डॉक्टर अगदी प्रामाणिकपणे सांगतो, ‘माझा एकही पेशंट तक्रार घेऊन आला नाही.’ तो खोटे बोलत नसतो. त्याला माहीतच नसते.

आता ओपीडीत डोकावू. साठी ओलांडलेली बाई, सोबत मुलगा आणि सून. मुलगा एक्स-रेचे पाकीट पुढे करतो. डॉक्टर फिल्म उजेडावर धरतात आणि वीस सेकंदांत म्हणतात, ‘मावशी, गादी पूर्ण गेलीय, हाडाला हाड घासतंय. चौथी स्टेज आहे. आज ना उद्या करावंच लागणार, मग लवकर केलेलं बरं.’ सून विचारते, ‘दोन्ही एकदम करता येतील का?’ ‘येतील की. एकदाच भूल, एकदाच सुट्टी.’ पाच मिनिटांत शस्त्रक्रियेची तारीख, मेडिक्लेमचे कागद आणि पॅकेजचा दर यांवर बोलणे येऊन ठेपते. या पाच मिनिटांत बाई खुर्चीतून उठून दोन पावले चाललेल्या नसतात.

एक्स-रेवर झिजेच्या श्रेणी ठरवण्याची पद्धत १९५७ ची आहे. ती उपयोगी आहे, पण तिने चित्राची श्रेणी लागते, वेदनेची नाही. चित्र भयंकर पण दुखणे किरकोळ असणारी माणसे भरपूर असतात, आणि उलटही. शिवाय दुखणे गुडघ्यात जाणवते म्हणून ते गुडघ्याचेच असते असे नाही. खुब्याच्या सांध्यातले दुखणे गुडघ्यात उमटणे हा अस्थिरोगशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवलेला धडा आहे. कंबरेतल्या दबलेल्या नसेचे दुखणेही पायात उतरते. रुग्णाला पलंगावर झोपवून खुबा आत-बाहेर फिरवून पाहायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे गेली नाहीत, तर उत्तम हाताने केलेले उत्तम गुडघारोपण चुकीच्या सांध्यावर झालेले असू शकते.

रुग्ण गुडघारोपणाच्या टप्प्याला पोहोचलाच आहे का, याची तपासणी अमेरिकेत डॅनियल रिडल यांच्या गटाने केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ज्यांचे गुडघे बदलले गेले त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश लोकांसाठी ती शस्त्रक्रिया ठरवलेल्या निकषांत बसत नव्हती. तिथे नोंदी आहेत म्हणून हे कळले. दुसऱ्याच वर्षी डेन्मार्कमधली एक चाचणी आली. शंभर रुग्ण, सगळे शस्त्रक्रियेला पात्र. निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि त्यासोबत व्यायाम, आहार, माहिती. उरलेल्यांना शस्त्रक्रियेवाचून बाकीचे सगळे. वर्षाअखेर शस्त्रक्रियेच्या गटाला वेदनेत आणि हालचालीत स्पष्टपणे अधिक आराम होता. हे दडवून ठेवण्यासारखे नाही. पण दुसऱ्या गटातही बहुतेकांना जाणवण्याइतका आराम पडला, त्यांतल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांनीच वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली, आणि गंभीर दुष्परिणाम शस्त्रक्रियेच्या गटात जास्त होते. थोडक्यात, ‘आज ना उद्या करावंच लागणार’ हे वाक्य सरसकट खरे नाही.

व्यायाम म्हणजे कागदावर छापलेली तीन चित्रे नव्हेत. मांडीच्या स्नायूंना बळ देणारा, दोन-तीन महिने कोणाच्या तरी नजरेखाली केलेला कार्यक्रम. वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हेही मोजून झालेले आहे. पण यासाठी ओपीडीत वीस मिनिटे बोलावे लागते आणि त्या वीस मिनिटांचे बिल होत नाही. दिवसाला चार शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाचा वेळ, त्याचे मदतनीस, त्याचे ऑपरेशन थिएटर, हप्त्यावर घेतलेली यंत्रे ही सारी व्यवस्था होकारावर चालते. अशा ठिकाणी नकार द्यायला नुसता सज्जनपणा पुरत नाही, व्यवस्थेच्या विरुद्ध पोहावे लागते. तसे पोहणारे आहेत. मी त्यांना ओळखतो. त्यांच्या बाहेरच्या बाकावर गर्दी असते आणि शस्त्रक्रियांची यादी आखूड असते.

रुग्णाला बरे वाटले म्हणजे शस्त्रक्रिया उपयोगी ठरली असे नाही, हा धडा हाडांच्या डॉक्टरांना नवा नाही. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून तो धुऊन-खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया एकेकाळी अमेरिकेत सर्रास होत असे. ह्यूस्टनमध्ये माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रूस मोझली यांनी १८० रुग्ण घेतले. काहींवर खरी शस्त्रक्रिया केली, काहींच्या त्वचेवर नुसत्या चिरा देऊन टाके घातले. २००२ मध्ये निकाल छापून आला: दोन वर्षांत एकदाही खऱ्या शस्त्रक्रियेचा गट नकलीपेक्षा सरस ठरला नव्हता. त्याआधी हजारो चांगल्या, अनुभवी डॉक्टरांनी आपल्या रुग्णांना बरे वाटलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

गुडघारोपण तसे पोकळ नाही, हे पुन्हा सांगतो. तरीही जगभरच्या अभ्यासांत गुडघारोपणानंतर पाचातला साधारण एक रुग्ण समाधानी नसतो. खुब्याच्या बाबतीत हे प्रमाण बरेच कमी आहे. खुबा बदललेला माणूस अनेकदा विसरूनच जातो की आत काही बसवले आहे. दोन्ही शस्त्रक्रियांची जाहिरात मात्र एकाच सुरात होते. त्यात आपल्याकडचा फरक असा की पाश्चात्त्यांत झिजेमुळे खुबे मोठ्या प्रमाणावर बदलावे लागतात, तर आपल्याकडे गुडघे कितीतरी जास्त. आपल्याकडे खुबा बदलावा लागतो तो बऱ्याचदा तरुणांचा, रक्तपुरवठा तुटून खुब्याचा गोळा मेल्यामुळे. त्यामागे स्टिरॉइड असते, दारू असते, कधी काहीच सापडत नाही. म्हणजे समाधान कमी देणारी शस्त्रक्रिया आपण जास्त करतो, आणि जास्त समाधान देणारी करतो ती अशा वयात की तो सांधा रुग्णाच्या आयुष्याला पुरण्याची खात्री नाही.

नाराजीचे एक मोठे कारण तांत्रिक नसून अपेक्षेचे असते. इंग्लंडमधल्या रुग्णाला बागेत फिरायचे असते. आपल्या मावशींना जमिनीवर बसून भाजी निवडायची असते, पूजेला मांडी घालायची असते, गावी गेल्यावर भारतीय पद्धतीचा संडास वापरायचा असतो. पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी आपल्या हाडांची ठेवण आणि बसण्याउठण्याच्या सवयी नजरेसमोर ठेवून ‘इंडस’ हा देशी गुडघा तयार केला, तो हीच गरज ओळखून. तरीही कृत्रिम गुडघा कोणताही असो, रोज मांडी ठोकून बसणे बहुतेकांना जमत नाही किंवा टाळायला सांगितले जाते. हे शस्त्रक्रियेआधी स्पष्ट शब्दांत सांगितलेले नसेल, तर शस्त्रक्रिया तंत्राच्या दृष्टीने अचूक होऊनही बाई म्हणणार, ‘पैसे गेले आणि मांडीही गेली.’

वयाचा प्रश्न याहून गंभीर आहे. ब्रिटनमधल्या नोंदींवरून २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास सांगतो की सत्तरीनंतर सांधा बदललेल्यांना आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते. पन्नाशीच्या सुरुवातीला गुडघा बदललेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे तिघांतल्या एकाला पुन्हा. दुसऱ्या वेळी हाड कमी उरलेले असते, जुने सिमेंट काढावे लागते, इम्प्लांट महागडे असते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आपल्याकडे पन्नाशीतल्या, धडधाकट मेडिक्लेम असलेल्या माणसाला ‘आत्ताच करून टाका, अजून कमावते आहात’ असे सांगितले जाते, तेव्हा हा आकडा सोबत सांगितला जातो का?

दोन्ही गुडघे एकदम करण्याचेही तेच. निवडक, निरोगी रुग्णांत ते योग्य असू शकते. पण वयस्कर, हृदयाच्या तक्रारी असलेल्या रुग्णाला एकाच भुलेत दोन्ही करणे म्हणजे फुप्फुसात गुठळी जाण्याचा आणि हृदयावर ताण येण्याचा धोका वाढवणे. ‘एकदाच सुट्टी’ ही सोय सुनेची, पॅकेजची आणि थिएटरची असते.

रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोहोचतो कसा, हेही पाहावे लागते. मोफत गुडघेदुखी तपासणी शिबिर हा आता गावोगावचा परिचित कार्यक्रम आहे. मंगल कार्यालयात खुर्च्या, हाडांची ठिसूळता मोजणारे यंत्र, चहा आणि शेवटी नावांची यादी. यातली काही शिबिरे मनापासून केलेली असतात. पण शिबिराचा हिशेब किती जणांना ‘ऑपरेशन नको’ सांगितले यावर मांडला जात नाही, तो यादीवर मांडला जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरीसणा गावात अशाच शिबिरातून १९ जणांना अहमदाबादच्या खासगी रुग्णालयात नेले गेले, सात जणांची अँजिओप्लास्टी झाली, दोघे दगावले. ते प्रकरण हृदयाचे होते. गुडघ्याचे असते तर बहुधा कोणी मेले नसते आणि बातमीही झाली नसती.

दुसरी वाट कटची, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल मिळणाऱ्या कमिशनची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी २०१३ मध्ये तपासणी केंद्राकडून आलेला कमिशनचा धनादेश परत करून तक्रार केली, तेव्हा मराठी वाचकांना या गोष्टीचा उघड पुरावा दिसला. २०१७ मध्ये राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला. कायदा झाला नाही. सांधेरोपणासारख्या मोठ्या बिलाच्या, आधी ठरवून करायच्या शस्त्रक्रियेत रुग्ण पाठवणाऱ्याला काय मिळते, हा प्रश्न त्यामुळे आजही कुजबुजीतच राहिला आहे.

तिसरा घटक थिएटरच्या आत असतो. इम्प्लांट आणि ते बसवण्याची हत्यारे बहुतेक वेळा रुग्णालयाची नसतात. पुरवठादार शस्त्रक्रियेच्या दिवशी वा आदल्या दिवशी ट्रे पाठवतो, सोबत कंपनीचा माणूस येतो. तो टेबलापासून अंतर राखून उभा असतो आणि कोणत्या मापाचे, कोणते हत्यार पुढे लागेल ते परिचारिकेला सांगत असतो. अनेकदा त्याची मदत खरोखर उपयोगी पडते. पण या जवळिकीची किंमत असते. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा ती उघडी पडली: कोबाल्ट-क्रोमियमचा जो गुडघा सरासरी १,५८,३२४ रुपयांना रुग्णाच्या बिलावर लागत होता, त्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरवण्यात आली. मधले लाखभर रुपये कंपनी, वितरक आणि रुग्णालय यांच्यात कुठेतरी मुरत होते. इम्प्लांटचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक आणि किंमत बिलावर वेगळी दाखवली पाहिजे, असेही त्या आदेशात आहे. मर्यादा इम्प्लांटवर आली, पॅकेजवर नाही. त्यामुळे इम्प्लांट उतरले तेव्हा पॅकेजमधल्या बाकीच्या ओळी फुगायला कोणाची आडकाठी नव्हती.

अलीकडे त्या ओळींत ‘रोबोटिक’ ही एक ओळ वाढली आहे. यंत्राने हाड अधिक अचूक कोनात कापले जाते, हे मान्य. त्यामुळे रुग्णाचे दुखणे कमी होते का, सांधा जास्त टिकतो का? दक्षिण कोरियातल्या यंग-हू किम यांच्या गटाने दहा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केलेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही बाबतींत साध्या पद्धतीच्या तुलनेत फरक आढळला नाही. ते यंत्र आधीच्या पिढीचे होते, आजचे सुधारलेले आहे, हा युक्तिवाद रास्त आहे. पण मग आजच्या यंत्राची दहा वर्षे अजून भरलेली नाहीत, हेही तितकेच रास्त. पुरावा येईपर्यंत ज्यादा पैसे रुग्णाने का भरायचे?

नवे म्हणजे चांगले, या समजुतीची किंमत सांधेरोपणाच्या क्षेत्रात एकदा चुकवून झाली आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा धातूवर धातू घासणारा खुबा तरुण, हालचाल जास्त असलेल्या रुग्णांसाठी म्हणून बाजारात आला. ऑस्ट्रेलियात १९९९ पासून सांधेरोपणांची राष्ट्रीय नोंदवही आहे. हा खुबा अपेक्षेपेक्षा लवकर बदलावा लागतोय, हे त्या नोंदवहीने काही वर्षांतच हेरले आणि डिसेंबर २००९ मध्ये तिथल्या बाजारातून तो मागे घेतला गेला. ब्रिटनच्या नोंदवहीतही पाच वर्षांत बारा-तेरा टक्के खुबे बदलावे लागल्याचे दिसले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून तो परत मागवला. तोवर जगात सुमारे ९३,००० लोकांच्या शरीरात तो गेला होता. घासणाऱ्या धातूचे कण आजूबाजूच्या मांसात साचत होते, कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होते.

भारतात तो सुमारे ४,७०० जणांना बसवला गेला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये माहीम पोलिसांत गुन्हा नोंदवला, पण केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली ती २०१७ मध्ये, डॉ. अरुण अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली. समितीपुढची मोठी अडचण ही की खुबे कोणाला बसवले, हेच कळत नव्हते. हजार-अकराशे जणांचा पत्ता लागला. सुमारे ३,६०० जणांचा नाही. पुढे भरपाईचे सूत्र ठरले, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. पण ज्याला आपल्या कुल्ल्यात कोणता खुबा आहे हेच ठाऊक नाही, तो भरपाई मागणार कशी? आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर? ते बहुतेक नामांकित, अनुभवी, याच कामाचे विशेषज्ञ होते. त्यांच्या कौशल्यात खोट नव्हती. आपण बसवलेली वस्तू बाहेर बिघडते आहे, हे त्यांना सांगणारी यंत्रणा देशात नव्हती.

स्वीडनने गुडघ्यांची अशी नोंदवही १९७५ मध्ये सुरू केली. ब्रिटनने २००३ मध्ये. तिथे आज रुग्णालाही शल्यविशारदाच्या नावाने नोंदी पाहता येतात. आपल्याकडे सांधेरोपण तज्ज्ञांच्या संघटनेने २००६ पासून नोंदवही चालवली आहे, आणि ज्यांनी ती चिकाटीने चालवली त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण ती ऐच्छिक आहे. ऐच्छिक नोंदवहीत नोंद करणारे आधीच काळजी घेणारे असतात. ज्यांची नोंद व्हायला हवी ते बाहेर राहतात.

यावर डॉक्टरांचा एक आक्षेप असतो आणि तो पोकळ नाही. निकाल जाहीर झाले तर अवघड रुग्ण कोणी घेणार नाही; मधुमेह, लठ्ठपणा, संधिवात असलेल्यांना सगळे टाळतील. हे होऊ शकते. म्हणून नोंदवह्यांत रुग्णाचे वय, आजार, सांध्याची अवस्था यांचा हिशेब धरून तुलना केली जाते. दुसरा आक्षेप कागदपत्रांच्या ओझ्याचा. मेडिक्लेमसाठी पानेच्या पाने भरणाऱ्या रुग्णालयाला आणखी एक पान भरणे अशक्य नाही. राज्य सरकारने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृहांच्या नियमांत बदल करून दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक केले. त्याच नियमांत प्रत्येक कृत्रिम सांध्याची नोंद सक्तीची करता येईल, त्यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. सरकारी योजनेतून किंवा सार्वजनिक विमा कंपनीच्या पैशातून होणाऱ्या सांधेरोपणांना तर ही अट उद्याही घालता येईल: नोंद नाही तर पैसे नाहीत.

प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात चिकटपट्टीचे स्टिकर असतात, त्यांवर उत्पादकाचे नाव, माप आणि लॉट क्रमांक छापलेला असतो. एक स्टिकर केस पेपरवर लागते. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने भरती रुग्णाचे कागद तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. सांधा वीस-पंचवीस वर्षे टिकावा ही अपेक्षा. म्हणून नोंदवही सक्तीची होईतो डिस्चार्जच्या वेळी त्यातले एक स्टिकर मागून घ्यावे, त्याचा फोटो मुलाबाळांच्या फोनवर पाठवून ठेवावा, आणि ज्यांचा सांधा आधीच बदलला आहे त्यांनी तीन वर्षे उलटायच्या आत रुग्णालयात जाऊन आपल्या कागदांची प्रत काढून आणावी.